विभागातल्या संशोधकांना एकत्र आणायला काय घ्यावं? (बजेट १,८०० रु., त्याच्या वर नाही)

पऱ्हाटी_दारव्हा:
नमस्कार मंडळी. वनस्पतिशास्त्रात पीएचडी करतोय, दुसरं वर्ष. गेल्या महिन्यात एचओडी सरांनी आवाज दिला, "तू रोज दिसतोस, प्रतिनिधी तूच." झाली निवड. विभागात कागदावर आम्ही १४, रोज येणारे ५. बाकीचे कुठे ज्युनिअर कॉलेजात शिकवतात, नाहीतर सध्या घरच्या कापूस वेचणीत अडकलेत. व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यात गुलाबाची फुलं आणि सुविचार. परवा एका ताईंचा सिनॉप्सिस (पीएचडीच्या कामाचा गोषवारा) अडकल्याचं मला झेरॉक्सवाल्याकडून कळलं. त्या माझ्या शेजारच्या खोलीत बसतात.
प्रत्येकी दीडशे काढले. दोघांनी दिले नाहीत, म्हणून १,८००. यात असं काय घ्यावं की लोक महिन्यातून एकदा तरी एका जागी बसतील? एक खोली मिळू शकते, पण ती मोडक्या कपाटांनी भरलीय. बजेट बघून सांगा.

मोर्णाकाठ:
कूलर घ्या, डोळे मिटून. आम्ही अकोल्यात ९,००० चा लोखंडी घेतला होता. मे महिन्यात बाजूच्या विभागातली पोरंही आमच्याकडे येऊन बसायची. पंप दोनदा गेला, पण तो दोष कूलरचा नाही. खारपाणपट्ट्यातलं पाणी, दुसरं काय होणार?

पऱ्हाटी_दारव्हा:
दादा, १,८००. आणि नोव्हेंबर चालू आहे.

मोर्णाकाठ:
मे येणारच आहे.

तिळगूळ:
चहाची केटल चुकूनही आणू नका. आमच्या लॅबमध्ये लावली आणि फ्यूज उडाला. शनिवारची संध्याकाळ, सोमवारपर्यंत इनक्युबेटर बंद. माझ्या बुरशीच्या सगळ्या प्लेट वाया. तेव्हापासून थर्मास.
आणि भाऊ, चहाच्या आधी एक काम करा. यूजीसीचे २०२२ चे पीएचडी नियम छापून दारावर लावा. महिलांना पूर्ण पीएचडीत एकदा २४० दिवसांपर्यंत बाळंतपणाची आणि बालसंगोपनाची रजा मिळते, हे मला कुणी सांगितलंच नाही. बाळ चार महिन्यांचं घरी आणि मी इथे हर्बेरियमच्या (वाळवलेल्या वनस्पतींच्या) शीट चिकटवत बसलेली.

जुना_खोंड:
सरानं नेमलेला प्रतिनिधी म्हंजे सराचाच मानूस, राग मानू नको बाप्पा. आमच्या टायमाले निवडनुका होत. मी शकुंतला रेल्वेत बसून मूर्तिजापूरले गेलो होतो पॅनल बांधाले. १९९४ च्या कायद्यानं थेट निवडनूक गेली, २०१६ च्या कायद्यानं परत आनली, ते बी कागदावर. आता ना निवडनूक, ना शकुंतला.

काटेकोर:
वय काय आपलं? विद्यार्थी निवडणुकांबद्दलच्या लिंगडोह समितीच्या शिफारशींनुसार संशोधक विद्यार्थ्याला २८ वर्षांपर्यंतच निवडणुकीला उभं राहता येतं. खर्चाची मर्यादा ५,०००.

पऱ्हाटी_दारव्हा:
३१. पण मी उभा राहिलोच नाही, मला बसवलंय.

मोर्णाकाठ:
५,००० मर्यादा असेल तर जुना कूलर बसतो त्यात.

काटेकोर:
ती उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा आहे, कूलरची नाही.

जुना_खोंड:
शकुंतलेबद्दल कोनीच काही बोलत नाही. लोकाईले काहीच वाटत नाही आता.

पाचवा_मजला:
खोलीतल्या कपाटांना हात लावू नका!! आम्ही असाच एक बंद पडलेला फ्रीज व्हरांड्यात काढून ठेवला. तो रात्रीतून भंगारात गेला. डेड स्टॉक रजिस्टरला एक नग कमी, आणि जबाबदार कोण, तर ज्याने खोली मागायचा अर्ज केला तो. म्हणजे मी. व्हायवाच्या आधी ना-हरकत अडली. आधी निर्लेखनाचा (वस्तू रजिस्टरमधून कमी करायचा) अर्ज, मग झाडू.

एसटी_पासवाली:
सगळं वाचलं. वस्तूने कुणी येत नाही हो. मी रोज ४० किलोमीटरवरून येते. तिकीट अर्धंच लागतं आता, पण साडेचारची गाडी चुकली की पुढची सातला. तुम्ही बैठक चारला ठेवली तर मी कशी थांबू? साडेअकराला ठेवा.
दुसरं, दर सत्रात प्रत्येकाला सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावीच लागते. ती सगळ्यांची एकाच दिवशी लावायला एचओडींना विनंती करा. त्या दिवशी शिकवणारे येतील, वेचणीवाले येतील, गाईडही सापडतील. तिथेच बसा. आमच्याकडे एकदा जमलं होतं. दुसऱ्या वेळी नाही, कारण एक सर परदेशी गेले होते.

वऱ्हाडी_ठेचा:
छान धागा. केटल घ्या, ८०० ला मिळते.

तिळगूळ:
वर वाचा जरा.

आवक_जावक:
त्या सिनॉप्सिसवाल्या ताईंना सांगा, जे काय असेल ते लेखी द्या आणि आवक क्रमांक घ्या. मी तोंडी सांगितलं होतं. सर म्हणाले "बघतो." दोन वर्षं बघत होते. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांत विद्यार्थी तक्रार निवारण समिती आहे, तिने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि त्यावर समाधान झालं नाही तर विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठीचा लोकपाल. समितीत एक विद्यार्थीही असतो, पण विशेष निमंत्रित म्हणून. त्यामुळे फार हवेत जाऊ नका. पण बसा तिथे, कोण काय बोलतं ते तरी कळतं.

काटेकोर:
तो विद्यार्थीसुद्धा नेमलेलाच असतो, हे लिहायला विसरलात.

पऱ्हाटी_दारव्हा:
(बारा दिवसांनी) सगळ्यांचे आभार. कूलर नाही, केटल नाही, थर्मासही नाही, खोलीचा नादच सोडला. यवतमाळच्या बाजारातून दोन सतरंज्या आणल्या, ११५० ला. विभागामागे कडुनिंब आहे, त्याखाली बुधवारी साडेअकराला बसलो. ९ जण आले. डबे उघडले, मिरचीचा ठेचा फिरला. ताईंचा अर्ज तिथेच लिहिला, आवक क्रमांक घेतलाय. प्रगती सादरीकरण एका दिवशी लावायचं म्हटल्यावर एचओडी सर म्हणाले, "बघतो." तेही लेखी देतोय.
६५० उरले. परत वाटतो म्हटलं, तर आधी हात पुढे केला तो त्या दोघांनी, ज्यांनी दिलेच नव्हते.

मोर्णाकाठ:
झाडाखाली मेमध्ये बसून दाखवा.