मदत हवी आहे: बाळाच्या टोपीला टाके कोणत्या पद्धतीने घालू?

नमस्कार मंडळी,
भाचीला बाळ होणार आहे, त्यासाठी टोपी विणायला घेते आहे. लोकर मऊ, डीके (मध्यम-पातळ) जाडीची, सुया 4 मिमीच्या. 72 टाके घालून सुरुवातीला एक सुलट, एक उलट अशी पट्टी, मग साधी वीण. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण 35 सेंमी असतो, त्यामुळे कड ताणली गेली पाहिजे. कपाळावर वळ उठलेला मला अजिबात चालणार नाही.

आईने शिकवलेली पद्धत म्हणजे एकेक टाका विणून डाव्या सुईवर चढवायचा. सोपी आहे, पण कड जरा सैल आणि ओबडधोबड दिसते. दोन टाक्यांच्या मधून धागा ओढून टाके घालायच्या केबल कास्ट ऑन पद्धतीची कड सुबक येते, पण ती घट्ट. लाँग टेल (धाग्याचं लांब टोक सोडून टाके घालणं) मला येतं. रुंदीच्या तिपटीहून थोडा जास्त धागा सोडला की पुरतो. तरी टोपीसाठी त्याचा ताण पुरेसा होईल का? एक माप मोठ्या सुईवर टाके घालायचे, की टाक्यांमधलं अंतर वाढवायचं? माझा कल दुसऱ्याकडे आहे, कारण मोठ्या सुईने पहिल्या ओळीचे टाकेच ढगळ दिसतात.

जर्मन ट्विस्टेड (लाँग टेलचाच पीळ दिलेला प्रकार) जास्त ताणलं जातं म्हणतात. ट्युब्युलर (नळीसारखी गोल कड येणारी पद्धत) तर अशा पट्टीला फार देखणं दिसतं, पण धुऊन धुऊन ते पसरतं का? बाळाची टोपी रोजच धुतली जाणार.

ज्यांनी लहान मुलांचं विणलंय त्यांनी कृपया सांगा. कडेचे फोटो असतील तर तेही टाका.