गुळवेल बारा महिने प्यावी का?

रामबागकर
इंदूरच्या आमच्या वस्तीच्या समूहात काल कोणी लिहिले, "गुळवेल घरचीच आहे, बारा महिने प्या, अपाय होतच नाही." हे वाचून मला गप्प बसवेना. २०२० च्या साथीत माझ्या मावशीने सलग दोन महिने उपाशीपोटी पेलाभर काढा घेतला आणि एके सकाळी तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग हळदीसारखा पिवळा दिसू लागला. काढा बंद केल्यावर सहा आठवड्यांनी कावीळ उतरली. त्याच वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईत डॉक्टरांना असेच सहा रुग्ण आढळले होते.

वैद्यांची सून
मावशींना झाले त्याचे वाईट वाटते. पण तेवढ्यावरून अमृता म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ओळखली गेलेली वेल बदनाम करू नका. आमचे सासरे तापाच्या रोग्याला करंगळीएवढी जाड, वीतभर ओली काडी ठेचून देत आणि ताप उतरला की बंद करायला लावत. मावशींनी घेतली ती गुळवेलच होती का? दिसायला सारखी असलेली टिनोस्पोरा क्रिस्पा ही दुसरी वेल चुकून घेतली जाऊ शकते, असा आक्षेप मुंबईच्या त्या रुग्णांबाबत आयुष मंत्रालयानेही २०२१ मध्ये घेतला होता.

जुने इंदूर
वाळलेल्या तुकड्यांवरून ओळखणे कठीणच. ओली काडी आडवी कापली की चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा दिसतात, कागदासारखी साल नखाने सुटते आणि खाली हिरवे दिसते. शिवाय वेल कडुलिंबावरचीच हवी. आमचा कडुलिंब रस्तारुंदीत गेला तेव्हा फांद्यांबरोबर मनगटाएवढी जाड वेलही ट्रॉलीत भरून नेली. आता लोक कुंपणाच्या तारेवरची तोडतात आणि गुण येत नाही म्हणतात.

वैद्यांची सून
तारेवरची निकामी, हे कोणी सांगितले? छिन्नरुहा ती, तोडलेला तुकडाही रुजतो. कडुलिंबावरची श्रेष्ठ मानतात, म्हणून बाकीची कचरा ठरत नाही!

जुने इंदूर
चाळीस वर्षे वेल वाढवणाऱ्याला रुजण्याचे शिकवू नका.

रामबागकर
आपण झाडावरून भांडता आहात आणि मावशी बाजूलाच राहिली. काडी मी स्वतः आमच्या अंगणातून तोडून देत होतो. २०२२ मध्ये देशातील १३ केंद्रांमधील ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला; त्यात मिळवलेल्या गुळवेलीच्या नमुन्यांत यकृताला घातक असे दुसरे काही सापडले नाही, आणि प्रतिकारशक्ती आपल्याच यकृतावर उलटल्याची लक्षणे रुग्णांत दिसली. मावशीला थायरॉईडचा विकार आहे आणि तोही अशीच प्रतिकारशक्ती उलटल्याने होऊ शकतो, हे मला तेव्हा महत्त्वाचे वाटले नाही.

वैद्यांची सून
अंगणातील वेल असेल तर ओळखीचा मुद्दा मी मागे घेते, पण तेवढाच. दोन महिने रोज देण्यास सासऱ्यांनी कधीच संमती दिली नसती, आणि आधीचा विकार विचारल्याशिवाय तर काडी तोडलीही नसती.