रोजच्या छायाचित्रणासाठी साधा, टिकाऊ फिल्म कॅमेरा कोणता घ्यावा?

सागरवेळ:
नमस्कार. मी रत्नागिरीत राहतो. बाजार, बंदर आणि घरची माणसे यांची छायाचित्रे ३५ मिमी फिल्मवर काढण्यासाठी लहान कॅमेरा घ्यायचा आहे. दर वेळी मापे जुळवत बसण्याची इच्छा नाही. मात्र बिघडल्यास दुरुस्त होईल आणि ज्याच्या बॅटरीसाठी वणवण करावी लागणार नाही, असा हवा. ऑलिंपस ट्रिप ३५ आणि नव्वदच्या दशकातील ऑलिंपस म्यू-२ यांपैकी कोणता योग्य ठरेल?

काळापांढरा:
आपल्या अटी पाहता ट्रिप ३५ घ्यावा. १९६७ ते १९८४ एवढा काळ तो बनत होता, त्यामुळे जुन्या बाजारात आजही सापडतो. भिंगाभोवती जी खडबडीत काचेची कडी दिसते, तिच्यामागे सेलेनियमचा प्रकाशमापक असतो आणि तो पडणाऱ्या उजेडातूनच वीज निर्माण करतो, म्हणून बॅटरी लागतच नाही. १/४० किंवा १/२०० सेकंद यांपैकी शटरचा वेग आणि त्याला साजेसे ॲपर्चर (भिंगातील छिद्राचा आकार) कॅमेरा स्वतः ठरवतो. आपण केवळ अंतराच्या चार चिन्हांपैकी एक निवडायचे. उजेड अपुरा असला की दर्शकात, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीत, लाल पट्टी वर येते आणि शटर दबत नाही. म्यू-२ चे भिंग उत्तम आहे, हे मान्य. परंतु त्यातील सर्किट गेले की सुटा भाग मिळणे जवळजवळ अशक्य असते, आणि तरीही त्यासाठी मागितली जाणारी किंमत मला तरी पटत नाही.

जुनाबाजार:
घेण्यापूर्वी कॅमेरा 'ए' (स्वयंचलित) वर ठेवून, ती कडी हाताने झाकून शटर दाबून पाहावे. लाल पट्टी यायलाच हवी. भर उन्हातही ती येत असेल, तर बहुधा सेलेनियम निकामी झालेले असते आणि असा नग स्वस्तातही घेऊ नये. मागच्या झाकणाचा फोम चिकट झालेला असतोच. तो बदलणे अवघड नाही. बुरशी मात्र भिंगात टॉर्चचा उजेड टाकून नीट तपासावी. कोकणातील पावसाळ्यात कॅमेरा चामडी पाकिटात न ठेवता सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावा.

निमप्रकाश:
घरातील माणसांचा उल्लेख आहे म्हणून लिहितो. दिवेलागणीनंतर ट्रिप फ्लॅशविना बहुतेक वेळा नकारच देईल, कारण त्याची मर्यादा ४०० आयएसओ (फिल्मच्या प्रकाशसंवेदनशीलतेचे माप) आणि १/४० सेकंद एवढीच आहे. १९८० चा ऑलिंपस एक्सए२ दोन सेकंदांपर्यंत शटर उघडे ठेवू शकतो, सरकत्या झाकणामुळे खिशात निर्धास्त राहतो आणि त्याच्या दोन एलआर४४ बॅटऱ्या घड्याळाच्या दुकानात मिळतात. बॅटरीविना तो चालत नाही, एवढे लक्षात असू द्यावे.

सागरवेळ:
आभारी आहे. बॅटरी इतकी सहज मिळत असेल तर एक्सए२ चा विचार करता येईल, पण माझी बहुतांश छायाचित्रे दिवसाचीच असतील. बंदरावरच्या कडक उन्हात ट्रिपमध्ये ४०० आयएसओची फिल्म चालेल का?

काळापांढरा:
एफ/२२ (सर्वात लहान छिद्र) आणि १/२०० वर जेमतेम निभावते. तेथे २०० ची फिल्म वापरावी आणि ४०० ची पावसाळी दिवसांसाठी ठेवावी.