शब्दचर्चा : 'पाटे बसले' म्हणजे नक्की काय झालं?

माझी दोन सहाचाकी डंपरं वाघोली भागातल्या खडी क्रशरवर चालतात. गेल्या पावसाळ्यात एका गाडीचा मागचा उजवा मेन पाटा तुटला. (पाटे म्हणजे चाकांच्या वर गाडीचं वजन झेलणाऱ्या, एकावर एक रचलेल्या वाकड्या पोलादी पट्ट्या, लीफ स्प्रिंग. त्यातला सगळ्यात लांब तो मेन.) एका बाजूचा पाटा कधी एकटा बदलू नये, म्हणून पुण्याच्या नाना पेठेतून दोन्ही बाजूंचे संच घेतले आणि गॅरेजवर पाठवले. दुपारी ड्रायव्हरचा फोन आला, उजवीकडचं काम झालं म्हणून. संध्याकाळी परत फोन. "मालक, डावे पण बसलेत."

मी म्हटलं, "बसले ना? मग निघ, वाघोलीला भरायला लाग."

तो निघाला. माझा शब्द त्याने मोडला नाही, त्यामुळे त्याला दोष देता येत नाही. त्याला सांगायचं होतं ते असं : उजवीकडे नवे पाटे चढल्यावर दिसतंय की डावीकडचे जुने पाटे पार दबलेत, गाडी डावीकडे कलली आहे, तेही आजच बदलून घेऊ. मी ऐकलं ते असं : डावीकडचे नवे पाटेही फिट झाले. डावे संच गॅरेजच्या दारात तसेच पडून होते. खडी भरल्यावर नगर रोडला खड्ड्यात गाडी आपटली की डावीकडचा बाहेरचा टायर हौद्याखालच्या अँगलला घासायचा. वाटेत टायरची बाजू कापली गेली. भरल्या गाडीचा टायर वळणावर फुटला असता तर काय झालं असतं, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

तेव्हापासून हा एकच शब्द डोक्यात घोळतोय. 'बसणे'. घसा बसतो, भिंत बसते, धंदा बसतो, गादी बसते. या सगळ्यांत खाली जाणं आहे, बळ जाणं आहे. आणि दुसऱ्या बाजूला झाकण बसतं, किल्ली बसते, चूल बसते, घडी बसते, कामात जम बसतो. इथे जागेवर येणं आहे. एरवी संदर्भावरून कळतं. घसा बसला म्हटल्यावर तो फिट झाला असं कुणी समजत नाही. पण पाटा ही अशी वस्तू आहे की तिच्या बाबतीत दोन्ही अर्थ रोजचे आहेत, दोन्ही एकाच गॅरेजमध्ये, एकाच माणसाच्या तोंडी.

दुकानाच्या काउंटरवरचे शब्दही याच निमित्ताने नीट ऐकायला लागलो. नाना पेठेत गाडीचं मॉडेल सांगितलं की दुकानदार तीन वेगवेगळ्या गोष्टी बोलतो आणि आपण तिन्हींना 'हो' समजून पैसे देतो.

"लागेल." म्हणजे यादीत हा पाटा या मॉडेलसाठी दिलेला आहे.

"बसेल." म्हणजे लांबी, रुंदी, भोकं जुळतील, मिस्त्रीला कापाकापी करावी लागणार नाही.

"चालेल." म्हणजे हा मुळात दुसऱ्याच गाडीचा आहे, पण काम भागेल.

यातल्या 'चालेल'ची मला आता भीती वाटते. माझ्या दुसऱ्या गाडीला असाच एक 'चालणारा' मेन पाटा आणला होता. वरून बघाल तर हुबेहूब. पण पाट्याचा मधला बोल्ट नेहमी पाट्याच्या बरोबर मध्यावर असतोच असं नाही. बोल्टापासून पुढच्या टोकाची लांबी आणि मागच्या टोकाची लांबी वेगळी असू शकते. माझ्या जुन्या पाट्यात पुढचा भाग आखूड होता, नव्यात दोन्ही भाग सारखे. एकूण लांबी तीच. पाट्याचं एक टोक हँगरमध्ये (चासीवरच्या पकडीत) गेलं, दुसरं शॅकलला (हलत्या कडीला) लागलं, पाटा एक्सलला बांधणारे यू बोल्ट आवळले गेले. मिस्त्री म्हणाला, बसला. खरंच बसला होता. पण त्या बाजूला एक्सल (चाकांचा आडवा दांडा) थोडा मागे गेला आणि गाडी रस्त्यावर तिरकी, खेकड्यासारखी चालायला लागली. टायर एका बाजूने झिजायला लागले तेव्हा मोजपट्टी लावली. 'बसला' या शब्दात 'बरोबर बसला' हे धरलेलं नसतं, ते आपण मनानेच धरतो.

तर प्रश्न असा : तुमच्या गॅरेजमध्ये, तुमच्या भागात, दबलेल्या पाट्यांना आणि नीट लागलेल्या पाट्यांना वेगवेगळे शब्द आहेत का? 'फिटमेंट' आता सगळेच म्हणतात, तो शब्द मला वर्ज्य नाही. पण ड्रायव्हर घाईत फोनवर फिटमेंट म्हणत नाही, तो 'बसले' म्हणतो.

प्रतिसाद :
आमच्याकडे सासवड रोडला दबलेल्या पाट्यांना 'कमान उतरली' म्हणतात, निदान वडिलांच्या वयाची माणसं तरी. कमान हा फारसी शब्द, धनुष्य या अर्थाचा. पाटा मोकळा असताना धनुष्यासारखा वाकलेला असतो, वजन आलं की सरळ होतो, वजन काढलं की परत वाकतो. परत वाकेनासा झाला की कमान उतरली. जुन्या घड्याळवाल्यांच्या तोंडीही घड्याळाच्या आतल्या स्प्रिंगला कमानच होती. तरुण पोरं मात्र 'पाटे बसले'च म्हणतात. दिवे घाटात भरल्या गाडीला पाट्यांचा काय मार बसतो ते रोज बघतो, त्यामुळे तुमची काळजी कळते.

प्रतिसाद :
मी आयटीआयमध्ये बरीच वर्षं फिटर ट्रेड शिकवला. आम्ही मुलांना नुसतं 'बसतो' लिहू देत नसू. कसा बसतो ते लिहा म्हणायचो. सरकून बसतो, दाबून बसतो की ठोकून बसतो? मापाच्या भाषेत हे तीन वेगळे बसणे आहेत आणि प्रत्येकात गाळा (मोकळी जागा) किती ठेवायचा, की गाळा न ठेवता माप घट्ट घ्यायचं, हे ठरलेलं असतं. शॅकलची पिन बुशात (पिनेभोवतीच्या नळीत) सरकून बसली पाहिजे. बुश पाट्याच्या टोकाच्या वळ्यात दाबून बसला पाहिजे, प्रेसवर. तो घणाने ठोकून बसवला की कडा पसरते, मग पिन जात नाही, मग पिनेला कानस मारतात, आणि महिन्याभरात खडखड सुरू होते. मालाला दोष देतात तो वेगळाच.

रबरी बुश असेल तर अजून एक. बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडी जॅकवरून उतरवून, चाकांवर वजन आल्यावर. चाकं लटकत असताना आवळला तर रबर पिळलेल्या अवस्थेतच अडकतं आणि लवकर फाटतं. तेव्हाही मिस्त्री 'बसला' असंच म्हणणार.

'बैठक' हा शब्द मात्र कुणी सुचवला नाही याचं आश्चर्य वाटलं. एक्सलवर पाटा जिथे टेकतो ती त्याची बैठक. मधल्या बोल्टाचं डोकं त्या बैठकीतल्या भोकात उतरलं पाहिजे. उतरलं तर एक्सल जागेवर राहतो. डोकं जाड निघालं आणि कडेवरच टेकलं, तर यू बोल्ट कितीही आवळा, पाटा पूर्ण टेकणार नाही, आणि पुढे मधल्या भोकापाशीच तुटेल. 'बैठक बघितली का?' असा प्रश्न विचारला तर उत्तर द्यायला माणसाला गाडीखाली वाकावं लागतं.

प्रतिसाद :
'बाहेरचा' आणि 'डुप्लिकेट' या शब्दांवरही बोलायला हवं. कंपनीच्या खोक्यातून न आलेला प्रत्येक पार्ट आपल्याकडे सरसकट डुप्लिकेट होतो. बाहेरचा म्हणजे दुसऱ्या कारखान्याने स्वतःच्या नावाने बनवलेला. डुप्लिकेट म्हणजे दुसऱ्याचं नाव छापलेला. पहिला चांगला असू शकतो, दुसरा फसवणूकच. मी निगडीच्या ट्रान्सपोर्ट नगरीत बाहेरचे पाटे वर्षानुवर्षं लावतोय, माप घेऊन. बिघडतं ते बहुतेक वेळा एक पाटा जास्तीचा टाकल्यावर. थर जाड होतो, जुना यू बोल्ट आखूड पडतो, चाकी (नट) आट्यांवर अर्धीच चढते. तेव्हा 'पुरतो' म्हणून सोडून देऊ नये, लांब यू बोल्ट नवे घ्यावेत. आणि पहिल्या भरल्या फेरीनंतर परत आवळावेत, कारण नवे पाटे एकमेकांवर... काय म्हणू आता, बसतात! हा तिसराच बसणे झाला.

मूळ लेखक :
तिसरा अर्थ माझ्या ध्यानातच आला नव्हता. तो मात्र चांगला बसणे आहे, नव्या घरातल्या भरावासारखा.

'कमान उतरली' आणि 'बैठक' हे दोन्ही शब्द दोन्ही ड्रायव्हरांना सांगितले. 'बैठक' लगेच उचलला. 'कमान' त्यांना जुनाट वाटतो, पण मी वापरत राहणार.

घरी हे वाचून दाखवलं तेव्हा बायकोने एक साधी गोष्ट दाखवली. मराठीत यावर व्याकरणातच उपाय आहे, 'बसले' आणि 'बसवले'. पाटे आपोआप दबतात तेव्हा बसतात. माणूस लावतो तेव्हा बसवतो. त्या संध्याकाळी फोनवर एवढा एक 'व' नव्हता हे माझ्या ध्यानात आलं असतं तर माझा टायर वाचला असता. आता आमच्यात ठरलंय, काम झालं की 'बसवले' म्हणायचं, आणि नुसतं 'बसले' ऐकू आलं तर मी गाडी भरू देत नाही, आधी विचारतो.

परवा दुसऱ्या गाडीचं काम होतं. ड्रायव्हरचा फोन आला : "मालक, दोन्हीकडचे बसवले, बैठक मी स्वतः बघितली. यू बोल्ट एका फेरीनंतर परत आवळायचेत, तोवर अर्धीच भरतो."