मदत हवी आहे : घरी बांधलेल्या कॅम्पर ट्रेलरचा तळ गार पडतो, इन्सुलेशन वरून करू की खालून?

तीन_बोटं

नमस्कार मंडळी,

गाडीमागे ओढायचा छोटा कॅम्पर ट्रेलर घरीच बांधला आहे. २.४ मीटर लांब, दीड मीटर रुंद, दोघांना झोपण्यापुरता. भिंती आणि छपरात २५ मिमी एक्सपीएस (पॉलिस्टायरीन फोमचे दाट, कडक तक्ते) आहे. तळाला काहीच नाही: ४० मिमी चौकोनी लोखंडी पाइपची चौकट, तिच्यावर १२ मिमी मरीन प्लाय बोल्टने थेट कसलेला आणि त्यावर पाच सेंटिमीटर फोमची गादी.

थंडीच्या रात्री गादीला खालून गारवा येतो. तेवढं चालवून घेतलं असतं, पण सकाळी गादी उचलली की प्लाय ओला असतो. ओल सगळीकडे सारखी नाही. खाली जिथे आडवे पाइप आहेत, नेमके तिथेच वर काळपट पट्टे उमटतात. खालची चौकट वरून मोजता येईल इतके स्वच्छ. पाणी बाहेरून शिरत नाही, कोरड्या रात्रीही हेच होतं.

डोक्यात तीन पर्याय आहेत. ट्रेलरखाली झोपून पाइपांच्या मधल्या चौकोनांत एक्सपीएस बसवायचं. किंवा आतून प्लायवर एक्सपीएस आणि त्यावर ६ मिमी प्लाय. किंवा सरळ गादीखाली चंदेरी बबल फॉइल अंथरायचं.

अडचण उंचीची. आत बसलो की डोकं आणि छप्पर यांत तीन बोटं उरतात. वजनही फार वाढवायचं नाही. शिवाय स्वयंपाकाच्या कोपऱ्यात तळाला जाळी लावलेलं एक भोक आहे, तिथून वारा येतो. तेही या निमित्ताने बुजवून टाकावं म्हणतो.

जाणकारांनी मार्गदर्शन करावं. आगाऊ धन्यवाद.

खिळेठोक

बबल फॉइलचा नाद सोडा. चकचकीत फॉइल उष्णता परावर्तित करतं, पण त्यासाठी त्याच्यासमोर मोकळी हवा लागते. गादी आणि प्लाय यांच्यात दाबून बसवलं की समोर हवाच उरली नाही, मग ते नुसतं पातळ प्लास्टिक. वर त्यातून वाफ जात नाही, म्हणजे ओल प्लायऐवजी फॉइलवर साचेल.

आकडेमोड्या

थोडं गणित करून बघितलं. आत २०, बाहेर ५ अंश धरा. तळाचं क्षेत्रफळ ३.६ चौरस मीटर. गादी सध्या हिशेबात नाही.

नुसता १२ मिमी प्लाय असेल तर तळातून साधारण १८० वॅट उष्णता जाते. झोपलेला माणूस ७०-८० वॅट देतो, म्हणजे तुम्ही दोघं मिळून जेवढी ऊब तयार करता ती सगळी तळच पितो, वर आणखी मागतो. २५ मिमी एक्सपीएस घातलं की १८० चे ५० च्या आसपास होतात. ५० मिमी घातलं तर ३०. पहिल्या इंचाने १३० वॅट वाचले, दुसऱ्याने जेमतेम वीस. त्यामुळे तीन बोटांतली दोन बोटं फोमला देऊन टाकू नका. २० किंवा २५ मिमी पुरे.

वजनाची काळजी तर सोडूनच द्या. तेवढ्या तळाला २५ मिमी एक्सपीएस तीनेक किलो भरेल. वजन प्लायचं असतं: तुमचा १२ मिमीचा तळच २८ किलोच्या घरात आहे, वरचा ६ मिमी आणखी १४ किलो.

ओढगाडी

मग खालूनच करावं ना? उंची शून्य मिलिमीटर जाते, आतलं काही उचकटावं लागत नाही, दुसरा प्लायही नको.

खिळेठोक

आणि पट्ट्यांचं काय? धागाकर्त्याने स्वतःच उत्तर लिहून दिलंय. पाइपच्या वर ओल येते कारण लोखंड उष्णता पळवतं; प्लायच्या मानाने लोखंडाची उष्णतावहनाची क्षमता काही शेकडा पट जास्त. पाइपांच्या मध्ये फोम भरला तरी पाइप प्लायला चिकटलेले ते चिकटलेलेच. मधले चौकोन उबदार होतील आणि पट्टे आणखी उठून दिसतील. फोमचा सलग थर चौकटीच्या वरच हवा.

शिवाय रस्त्यावरचं पाणी, चिखल, उडणारे खडे. खालून बसवलेला फोम कितीही घट्ट वाटला तरी त्याच्या आणि प्लायच्या फटीत पाणी शिरतं आणि तिथून वाळत नाही. खालून पत्रा मारला तर आणखीच वाईट, आत ताटलीच तयार होते.

ओढगाडी

पट्ट्यांचा मुद्दा मान्य. पण फटी पीयू (पॉलियुरेथेन) फोमने भरल्या आणि खालून सगळं सीलंटने बंद केलं तर पाणी शिरेल कुठून? उंची खरंच नसेल तर खालचा पर्याय अगदीच टाकाऊ नाही, एवढंच म्हणणं.

चूलमूल

बाकीचं सगळं बाजूला ठेवा. ते भोक बुजवू नका.

आत गॅसची शेगडी किंवा सिलिंडर आहे का? असेल तर ते भोक वाऱ्यासाठी नाही, गळलेला गॅस बाहेर पडण्यासाठी आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. प्रोपेन साधारण दीडपट, ब्यूटेन दुप्पट. गळती झाली की तो तळाशी साचतो आणि तुम्ही झोपता तेही तळाशीच. नवीन थर टाकाल तेव्हा भोक दोन्ही प्लायमधून आरपार ठेवा, फोमच्या कापलेल्या कडा सील करा, जाळी परत लावा. थेट झोत लागत असेल तर खालच्या बाजूला तिरकी पट्टी लावा, पण तोंड उघडं राहू द्या. आणि शेगडीवर आत ऊब घेत बसू नका. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा.

तीन_बोटं

आहे, दोन बर्नरची शेगडी. भोक राहील, जाळीही राहील. धन्यवाद.

तर ठरलं असं धरू: आतून २० मिमी एक्सपीएस, त्यावर ६ मिमी प्लाय. ओल मग बंद होईल ना?

आकडेमोड्या

नाही. कमी होईल, बंद होणार नाही. इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो म्हणून जरा सविस्तर.

आत २० अंश आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर १२ अंशांपेक्षा गार असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी सुटतं. दोन माणसं रात्रभरात श्वास आणि घामातून अर्धा लिटर किंवा जास्तच पाणी हवेत सोडतात, तेव्हा बंद ट्रेलरमध्ये ६० टक्के म्हणजे काहीच नाही. आता उघड्या तळाचा वरचा पृष्ठभाग वरच्याच तापमानांना साडेअकराच्या आसपास येतो. २५ मिमी फोमने तो साडेसतरावर जातो. इथवर छान.

पण गादी स्वतःच एक इन्सुलेशन आहे, आणि ती आतल्या बाजूला आहे. ती खोलीची ऊब तळापर्यंत पोचू देत नाही. तुमची पाच सेंटिमीटरची गादी हिशेबात धरली की तिच्याखालचा प्लाय आत्ता सहा अंशांच्या जवळ असतो. फोम घातल्यावर साडेदहा-अकरा. तुमच्या शरीराच्या उबेने थोडा वर जाईल, पण सुरक्षित म्हणावा इतका नाही. ऊब अडते, वाफ मात्र गादीतून आरामात खाली उतरते.

उपाय इन्सुलेशनचा नाही, हवेचा आहे. गादीखाली १० मिमी उंचीच्या लाकडी पट्ट्या टाका, मधून हवा खेळू द्या, दोन्ही टोकं मोकळी ठेवा. बोटीत गादीखाली घालतात तशी जाड जाळीदार चटई मिळाली तर तीही चालेल. छपराचं व्हेंट रात्री बोटभर उघडं. २० + ६ + १० म्हणजे ३६ मिमी. तीन बोटं म्हणजे पाचेक सेंटिमीटर, बसतंय.

खिळेठोक

+१. आता बांधणीच्या गोष्टी.

एक्सपीएसला सॉल्व्हंट असलेला चिकटद्रव लावू नका. उघडला की झोंबरा वास येणारा पिवळा काँटॅक्ट अॅडहेसिव्ह फोमला अक्षरशः खातो, खाली खड्डे पडलेले दिसतात. पीयू अॅडहेसिव्ह घ्या, आधी तुकड्यावर लावून बघा. पीयू फुगतो, म्हणून वाळेपर्यंत वरच्या प्लायवर सगळीकडे सारखं वजन ठेवा, नाहीतर सकाळी मधे टेकाड.

फोम दबेल ही भीती नको. २०० किलोपास्कल दाब झेलणारा एक्सपीएस पसरलेलं वजन सहज घेतो. त्रास होतो तो टोकाच्या भाराने: एका गुडघ्यावर सगळं वजन टाकून आत रांगलात की उघड्या फोमवर खळगा पडतो. वरचा ६ मिमी प्लाय त्याचसाठी आहे. कपाट वगैरे बोल्टने कसायचं असेल तिथे फोम कापून तेवढ्याच जाडीचा लाकडी ठोकळा बसवा. फोमवरून बोल्ट आवळला तर फोम हळूहळू बसतो आणि नट सैल होतो.

आणि वायरी. तळातून पीव्हीसी वायर जात असेल तर ती एक्सपीएसला किंवा थर्माकोलला टेकू देऊ नका. पीव्हीसीतला मऊपणा देणारा पदार्थ फोममध्ये उतरतो, काही काळाने वायरचं आवरण कडक होऊन तडकतं. कन्ड्यूइटमधून, म्हणजे वायरीसाठीच्या नळीतून न्या.

तीन_बोटं

वायरीचं माहीतच नव्हतं, दोन जातात तिथून. शेवटचा प्रश्न: पॉलिथिनचा कागद घालू का? घातला तर फोमच्या खाली की वर?

आकडेमोड्या

थंडीत वापरणार असाल तर उबदार बाजूला, म्हणजे फोमच्या वर आणि ६ मिमी प्लायच्या खाली. पण तसा घातला तर चिकटवता येणार नाही, प्लाय स्क्रूने धरावा लागेल, आणि प्रत्येक स्क्रू म्हणजे एक भोक. एक्सपीएसमधून वाफ मुळात फार हळू जाते. त्यामुळे कागद राहू द्या. फोमचे सांधे चांगल्या टेपने बंद करा आणि भिंतीलगतची फट पीयूने भरा.

जुना प्लाय झाकण्याआधी मात्र पूर्ण वाळवा. आणि खालच्या बाजूने प्लायच्या कापलेल्या कडा बघा. प्लाय पाणी पितो तो कडेतून. तिथे इपॉक्सीचे दोन हात द्या.