रोजची एमआयडीसी आणि रविवारचं कास: आर१५ घेऊ का आरआर ३१०?

कोरेगावचा_पोरगा
राम राम मंडळी. सहा वर्षं वडिलांची स्प्लेंडर पळवली, आता स्वतःच्या पगारातून गाडी घ्यायची आहे. दोनच नावं डोक्यात आहेत, यामाहा आर१५ व्ही४ आणि टीव्हीएस अपाचे आरआर ३१०. एक १५५ सीसी, दुसरी ३१२. ऑन रोड पहिली दोन लाखांच्या आसपास पडते, दुसरी तीनच्या वर. हप्त्यावरच घेणार आहे, त्यामुळं ओढून ताणून दोन्ही बसतात.
वापर असा: कोरेगावच्या पलीकडून साताऱ्याच्या एमआयडीसीत रोज जाऊन-येऊन ४५ किमी. रविवारी कास, बामणोली, कधीतरी पसरणी घाट चढून महाबळेश्वर. उंची ५ फूट ७ इंच, वजन ७०. मागं कोणी बसत नाही. शोरूमवाल्यानं टेस्ट राईड दिली ती दुकानापासून पेट्रोल पंपापर्यंत आणि परत. त्यात काय डोंबल कळणार? ज्यांनी चालवल्यात त्यांनी सांगा.

वाईवाला
आर१५. दिसायला एक नंबर, ॲव्हरेज पण देते. विषय संपला.

कराडकर_५०
एवढं करतोयस तर आणखी थोडे घाल आणि केटीएमची आरसी ३९० घे. खर्च एकदाच होतो.

पाना_पक्कड
कराडकर, तुमचे "थोडे" किती ते तरी बघा. ती ३७३ सीसीची गाडी. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्याच्या वरच्यांचा थेट ४० झाला. विम्याचंही तसंच. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनी नव्या गाडीचा पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा १५० ते ३५० सीसीला ७,३६५ रुपये, त्याच्या वर गेलं की १५,११७. त्यावर कर वेगळा. पोराला कशाला खड्ड्यात घालताय?
गंमत अशी की पोराच्या दोन्ही गाड्या एकाच रकान्यात येतात. आर१५ नुसत्या पाच सीसीनं १५० च्या वर गेलीय, त्यामुळं थर्ड पार्टीला ती ३१० एवढेच पैसे भरते.

घाटातला
माझ्याकडं आधी आर१५ ची व्ही३ होती, आता २०२१ ची आरआर ३१० आहे. दोन्ही गाड्या कासला जाणाऱ्या यवतेश्वरच्या घाटात इतक्या वेळा चढवल्यात की वळणं पाठ झालीत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.
कागदावर बघितलं तर आर१५ ला १८.४ पीएस ताकद आणि १४.२ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढ. आरआर ३१० माझ्या वेळी ३४ पीएसची होती, २०२४ पासून ३८ पीएस आणि २९ न्यूटन मीटर. सगळे पीएस बघतात, घाटात मात्र टॉर्क बघायचा. तो दुप्पट आहे. त्याचा अर्थ रस्त्यावर असा होतो: समर्थ मंदिराकडून वर निघालास, दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर पुढं पर्यटकांनी भरलेला टेम्पो. तू दुसऱ्या गिअरमध्ये, आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा, काटा साडेचार हजारावर. जरा मोकळी जागा दिसली, मूठ पिळली. ३१० तिथंच उचलते. आर१५ त्या आकड्याला नुसती हुंकार देते. मग गिअर पाड, काटा वर ने, तोवर समोरून जीप आलेली असते. परत टेम्पोच्या धुरात.
आता उलटी बाजू. उतरताना मला अजून आर१५ ची आठवण येते. ती १४२ किलो, ही १७४. घट्ट वळणात हलकी गाडी मनात आणलं की वळते, ३१० ला आधी सांगावं लागतं. ब्रेक मोठे आहेत, धरतात, पण वजन ते वजनच. पसरणीत एकामागून एक वळणं येतात तिथं मी आर१५ वर जेवढा हसलो तेवढा ३१० वर हसलेलो नाही. हायवेला गणित परत फिरतं. खंबाटकी घाट चढताना ३१० ला धाप लागत नाही, शंभरावर निवांत बसता येतं. आर१५ पण शंभरावर जाते, पण ओरडत जाते आणि पुढं ओव्हरटेकला हातात काही उरत नाही.
तू एकटाच असतोस आणि हायवे कमी, म्हणून मी आर१५ कडं झुकेन. पण घाट चढायचाच नाद असेल तर ३१०.

पाना_पक्कड
घाटातला म्हणतोय ते का होतं ते सांगतो. आर१५ मध्ये व्हीव्हीए आहे. इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला तो उघडणारे दोन कॅम असतात, एक कमी उचलणारा, एक जास्त. ७,४०० आरपीएमला एक छोटी पिन सरकते आणि मोठा कॅम कामाला लागतो. मीटरवर अक्षरं उमटतात आणि आवाज बदलतो तो हाच क्षण. म्हणजे या इंजिनाची खरी मजा ७,४०० च्या वर, आणि पूर्ण ताकद १०,००० ला. चढावर ती मजा घ्यायची तर पोराला कायम एक गिअर खाली राहावं लागेल. वाईट नाही ते. त्यानं हात सुधारतो.
३१० चं इंजिन बीएमडब्ल्यूबरोबर मिळून केलेलं, सिलिंडर मागं कललेला. हवा पुढून आत, धूर मागून बाहेर. वजन मध्ये गोळा होतं. त्यात ताकद कमी-जास्त करणारे चार मोड आहेत. घाटातल्याच्या २०२१ च्या गाडीत रेन आणि अर्बन मोडला ताकद २५.८ पीएसवर उतरते, म्हणजे दाबून धरलेली ३१० पण मोकळ्या आर१५ पेक्षा पुढंच.
खर्चाचं म्हणाल तर टायर, चेन सेट, तेल, सगळं मोठ्या गाडीला महाग. माझ्या गॅरेजात एक पोरगं एका मोठ्या गाडीचा पार्ट बदलायला आलं होतं, पार्ट येईना, महिनाभर गाडी कोपऱ्यात उभी, मी रोज तिच्यावरची धूळ झटकायचो. कंपनीचं नाव घेत नाही. मुद्दा एवढाच, साताऱ्यात कुठल्या गाडीचा पार्ट किती दिवसात मिळतो ते घ्यायच्या आधी चार गॅरेजात विचार.

कोरेगावचा_पोरगा
काका, दादा, दोघांचे आभार. ॲव्हरेजचं गणित कोणी मांडेल का?

वाईवाला
मी मांडतो. ४५ किमी गुणिले २६ दिवस, महिना ११७० किमी. आर१५ ला ४५ चं ॲव्हरेज धर, २६ लिटर. ३१० ला २८ धर, बेचाळीसेक लिटर. सोळा लिटरचा फरक, लिटर १०५ नं धरला तर महिन्याला १,६८० रुपये. नुसतं कामाला जाण्यात. टाकी दोन्हींची ११ लिटरच, म्हणजे ३१० वाला पंपावर जास्त दिसणार. मी पहिल्याच ओळीत सांगितलं होतं, विषय संपला.

पाना_पक्कड
आणखी एक, हे कोणी बोललं नाही. तो कोरेगावचा रस्ता उसाचा आहे. हंगाम सुरू झाला की संध्याकाळी घरी जाताना पुढं ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, मागच्या ट्रॉलीला दिवा नाही, आणि रस्त्यावर टिपरी, म्हणजे उसाची कांडी, पडलेली. रानातून चाकांना चिकटून आलेला चिखल वेगळाच. तिथं पुढं वाकून, मनगटावर भार टाकून रोज जायचं म्हणजे दोन्ही गाड्या शिक्षा आहेत. टिपऱ्यावरून पुढचं चाक गेलं की १५५ काय आणि ३१२ काय. वडिलांची स्प्लेंडर विकू नकोस एवढं ऐक.

मागची_सीट
सगळे पुरुष पुढच्या सीटवरून बोलताय म्हणून लिहिते. आमच्या ह्यांनी लग्नानंतर अशीच एक स्पोर्ट गाडी घेतली. मागची सीट म्हणजे भाकरीएवढी, तीही उंचावर, धरायला काही नाही. कासला जाताना मी प्रत्येक ब्रेकला ह्यांच्या पाठीवर. वर पोचेपर्यंत कंबरेचा आणि मानेचा एकच आवाज. येताना एका ओळखीच्यांच्या गाडीत जागा मागून बसले, हे मागून एकटे आले. मागं कोणी बसणार नाही म्हणतोस ना? मग ठीक. पण नीट विचार करून सांग.

कोरेगावचा_पोरगा
वहिनी, आत्ता कोणी बसत नाही. म्हणजे... दिवाळीनंतर लग्न आहे.

घाटातला
अरे लेका! हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं की!

कराडकर_५०
😂😂 सगळं गणित परत.

घाटातला
होय, परतच. तुझे ७०, तिचे साधारण ६० धरू. आर१५ वर दोघं बसलात की गाडीसकट २७२ किलो, ओढायला १८.४ पीएस. ३१० वर ३०४ किलो, ओढायला ३८. दोघांना घेऊन यवतेश्वर चढताना आर१५ पहिल्या-दुसऱ्या गिअरमधून बाहेर येणार नाही. मी माझं आधीचं मत मागं घेतो, डबलसीट असेल तर ३१०.
असं कर, येत्या रविवारी सकाळी साडेसहाला समर्थ मंदिरापाशी ये. माझी ३१० चालवून बघ. भाच्याकडं आर१५ व्ही४ आहे, त्याला उठवून आणतो. होणाऱ्या बायकोलाही आण, मागं बसून बघू दे. कासच्या गर्दीच्या आत परत येऊ.

मागची_सीट
हे बरोबर केलंत. तिला विचारल्याशिवाय एक रुपया भरू नकोस.

कोरेगावचा_पोरगा
जाऊन आलो मंडळी. घाटातला दादांचे आणि झोपमोड झालेल्या भाच्याचे मनापासून आभार.
आधी ३१०. दादा म्हणाले तसंच, वर चढताना गाडी मागून कोणीतरी ढकलतंय असं वाटतं. तिसऱ्या गिअरमध्ये वळण घेतलं तरी कुरकुर नाही. मग आर१५. पहिली दोन वळणं मला जमलंच नाही, स्प्लेंडरच्या सवयीनं गिअर वर टाकत गेलो आणि गाडी बसली. तिसऱ्या वळणाला दुसऱ्यातच ठेवली, काटा सात हजाराच्या पुढं गेला, तो आवाज बदलला आणि अंगावर काटा आला. ते काकांचं पिनचं प्रकरण तिथं कळलं.
तिला मागं बसवून दोन्हींवर एकेक फेरी मारली. ती दोन्ही वेळा उतरून एकच म्हणाली, "हे काय बसायचं आहे?" मी म्हटलं संपलं, दोन्ही गेल्या. तर ती भाच्याकडं किल्ली मागायला लागली. मला माहीतच नव्हतं, ती कॉलेजला असताना भावाची पल्सर चालवायची. उंची ५ फूट ३. आर१५ ची सीट ८१५ मिमी, ३१० ची ८१०, म्हणजे कागदावर ३१० च बुटकी. पण वर आम्ही थांबलो तिथं जागा उताराची होती, गाडी मागं ढकलून काढायची होती. आर१५ तिनं बोटांवर उभं राहून एकटीनं ओढून काढली. ३१० अर्धी आली आणि पुढं हलेना, दादांनी मागून हात लावला. तिनं साईड स्टँड लावला आणि म्हणाली, "ही नको. मी मागं बसणार नाही, मी चालवणार. तू बस मागं."
त्यामुळं आर१५. बुकिंग केलं परवा. निळी मिळायला वेळ होता, काळी घेतली. स्प्लेंडर ठेवतोय, हंगामात कामाला तीच. राहिलेल्या पैशातून दोन चांगली हेल्मेटं आणि तिचं जॅकेट.

घाटातला
म्हणजे घाट चढताना मागं तू? ७० किलो?

कोरेगावचा_पोरगा
ती म्हणतेय आधी वजन कमी कर.

पाना_पक्कड
पहिले हजार किमी दोघांनीही मूठ जपून. आणि पहिल्या सर्व्हिसिंगला चेनचा ताण बघायला सांगा, नव्या गाडीची लवकर सैल पडते.