मदत हवी आहे: तीन शिरांचं पान, दालचिनी की काजरा?

नमस्कार. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात शाळेत शिकवते. आठवीच्या मुलांकडून पानांचे ठसे करून घेते आहे. खालच्या बाजूला शिरा उठून असतात, म्हणून पान पालथं ठेवायचं, वर कागद धरायचा आणि पेन्सिल आडवी करून हलक्या हाताने घासायचं. फणस, पिंपळ सुरेख उमटले. हळदीचं पान तर पातोळ्यांमुळे मुलं लांबूनच ओळखतात.

एका ठशावर मात्र अडलंय. देठापासून तीन ठळक शिरा निघतात, बाजूच्या दोन वळण घेत टोकाकडे जातात. ठसा करणारी मुलगी म्हणाली, "बाई, ही तिखी. आजी जेवणात घालते." तिखी म्हणजे आमच्याकडची दालचिनी. तिचा भाऊ म्हणतो, पान काजऱ्याखालून उचललं. मूळ पान हरवलं आणि कागदाला वास नसतो! काजरा म्हणजे कुचला, त्याच्या बियांत स्ट्रिकनीन हे जहाल विष. मला रात्री झोप लागली नाही. बोरीच्या पानालाही तीन शिरा असतात, पण बोरीची पानं एकाआड एक. दालचिनी आणि काजरा ही दोन्ही झाडं समोरासमोर पानांची, त्यामुळे फांदी पाहूनही सुटका नाही. नुसत्या शिरांवरून फरक कळेल का?

आणखी एक. पुस्तकात एकदल (बीत एकच दल असलेली झाडं) म्हणजे समांतर शिरा असं आहे. मग अळवाच्या पानात जाळी का, असं एकाने विचारलं. काय सांगू?

उत्तर

ताई, ठसा पुन्हा नीट बघा. काजऱ्याला बहुधा पाच शिरा असतात. बाहेरच्या दोन बारीक, अगदी कडेलगत, त्या घासताना उमटतच नाहीत. पानही रुंद, गोलसर. दालचिनीचं लांबट, टोकाला निमुळतं. पण दालचिनीतही कधी पाच शिरा दिसतात, तेव्हा खाण्यापिण्याच्या बाबतीत शिरांवर मुळीच विसंबू नका. ताजं पान चुरगळून वास घ्यायचा, चाखायचं नाही. हा ठसा "ओळख पटली नाही" असं लिहूनच वहीत ठेवा.

अळवाचा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला शाबासकी द्या. अळू, सुरण, घोटवेल एकदलच, तरी त्यांच्या पानांत जाळी असते. शिरांवरून गट कळायला मदत होते. पण नक्की करायचं तर बी, मुळं, फूल बघावं लागतं.

पुढच्या वेळी ठशाशेजारी पान कुठून घेतलं, फांदीवर कसं होतं आणि वास कसा आला, हे मुलांकडून तिथेच लिहून घ्या.